कांदा पडला की स्लॅब थांबतो

आमच्या देवळा तालुक्यात घर सिमेंटचे बांधतात, पण उभे राहते ते कांद्यावर. उन्हाळ कांदा चाळीतून निघून उमराण्याच्या किंवा देवळ्याच्या बाजारात गेला, भाव बरा मिळाला, की दिवाळीच्या सुमारास पायाखोदाईला सुरुवात होते. भाव पडला की घर ज्या टप्प्यावर असेल त्याच टप्प्यावर थांबते. विंचूर-प्रकाशा रस्त्याने सटाण्याकडे जाताना सळया वर काढलेली घरे दिसतात. बाहेरगावचे पाहुणे विचारतात, वरचा मजला बांधायचा आहे का? काहींना बांधायचा असतो. काहींचे खालचेच राहिलेले असते.

गेल्या दोन महिन्यांत याच विषयावर तीन भगिनींची पत्रे आली. एकीचे पती सेंटरिंगचे काम करतात, दुसरीचा भाऊ ठेकेदार आहे, तिसरीच्या वडिलांनी मालेगावात चार रो-हाउस बांधून ठेवली आहेत आणि घ्यायला कोणी येत नाही. तिघींचा प्रश्न साधारण एकच: मंदी कशी काढायची, आणि घरातल्या बाईने यात काय करायचे? मी शाळेत शिकवते, अर्थतज्ज्ञ नाही. पण आमच्या घरात ठेकेदारी सासऱ्यांपासून आहे, आणि लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी हिशेबाची वही माझ्याकडे आली, कारण घरात सगळ्यांना वाचता येईल असे अक्षर माझे एकटीचेच होते. त्या वहीच्या भरवशावर लिहिते.

आधी एक फरक सांगते. वर्तमानपत्रात घरबांधणीची मंदी म्हणतात ती मुंबई-पुण्याच्या बिल्डरांची असते. बिल्डर जमीन घेतो, इमारत बांधतो, फ्लॅट विकतो. आमच्याकडचा ठेकेदार काहीच विकत नाही. प्लॉट गिऱ्हाइकाचा, नकाशा गिऱ्हाइकाचा, पैसाही गिऱ्हाइकाचाच. ठेकेदार माणसे आणतो, माल उचलतो आणि चौरस फुटाच्या भावाने घर उभे करून देतो. त्याच्या हाताखाली दोन-तीन गवंडी, पाच-सहा बिगारी, सेंटरिंगची टोळी, मग फिटर, प्लंबर, फरशीवाले, रंगारी. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा या भागात, फॅब्रिकेशन, फिटिंग, रंगकाम, फरशी यांत आपली कितीतरी मुले आहेत. एक घर थांबले की इतक्या घरांतली चूल मंद होते. म्हणून हा विषय कौटुंबिक मासिकात यायला हवा.

आमच्या वहीत तीन मोठे खड्डे आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीचे आहेत.

पहिला 8 नोव्हेंबर 2016 चा. त्या वेळी कामही होते आणि गिऱ्हाइकाकडे पैसाही होता, पण नोटा नव्हत्या. चालू खात्यातून आठवड्याला 50 हजारच काढता येत होते आणि बिगाऱ्याला आठवडे बाजाराच्या दिवशी हातात रोख लागते. चेक घेऊन तो किराणा दुकानात जाणार नाही. तरी तो खड्डा काही महिन्यांत भरला.

दुसरा मार्च 2020 चा. टाळेबंदीत साइट बंद, मजूर आपापल्या पाड्यांवर. त्या वर्षी सप्टेंबरपासून राज्य सरकारने मुद्रांक शुल्क कमी केले. डिसेंबरपर्यंत 3 टक्क्यांची सूट आणि पुढे मार्च 2021 पर्यंत 2 टक्क्यांची. शहरांतले फ्लॅट त्यामुळे विकले गेले. आमच्याकडे वडिलोपार्जित जागेवर स्वतःचे घर बांधणाऱ्याला त्या सवलतीचा काय उपयोग? त्याला खरेदीखतच करायचे नव्हते. काम परत सुरू झाले तेव्हा 2021 मध्ये लोखंडाचे भाव भडकले. ज्यांनी टाळेबंदीच्या आधीच्या दराने मालासकट काम घेतले होते, ते काम मिळूनही बुडाले.

हे कसे होते ते एकदा आकड्यांत मांडते, कारण अनेक घरांत बायकांना एवढेच माहीत असते की “यंदा धंद्यात खोट आली.” समजा 800 चौरस फुटांचे घर आहे. ढोबळ मानाने चौरस फुटाला साडेतीन ते चार किलो सळई लागते, म्हणजे साधारण 3 टन. सिमेंट चौरस फुटाला 0.4 गोणी धरले तर 320 गोण्या. सळई किलोमागे 10 रुपयांनी चढली की 30 हजार गेले. सिमेंट गोणीमागे 30 रुपयांनी चढले की आणखी साडेनऊ हजार. म्हणजे चौरस फुटाला जवळजवळ 50 रुपये. ज्याला फुटामागे दीडशे रुपये सुटणार होते त्याचा तिसरा हिस्सा भिंत उभी राहण्याआधीच गेला. म्हणून तेव्हापासून आमच्याकडे करारात एक ओळ असते: सळई आणि सिमेंटचा आजचा दर हा, यापेक्षा फरक पडला तर वाढ गिऱ्हाइकाची आणि घटही गिऱ्हाइकाची. घट लिहिल्याशिवाय वाढ मागता येत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा याच ओळीप्रमाणे एका गिऱ्हाइकाला यांनी पैसे वळते केले. तो माणूस आजही चार लोकांत ते सांगतो.

तिसरा खड्डा कांद्याचा, आणि तो सर्वांत खोल. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावले. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातच बंद केली. ती मे 2024 मध्ये उघडली, तीही किमान निर्यात मूल्य आणि शुल्काच्या अटींसह. शुल्क पूर्णपणे गेले ते 1 एप्रिल 2025 रोजी, आणि त्या वर्षीही चाळीतल्या कांद्याला शेतकऱ्याच्या मनासारखा भाव मिळाला नाही. शहरातल्या माणसाला स्वस्त कांदा दिसतो. आम्हाला जोत्यापर्यंत आलेली घरे दिसतात. त्याआधी डाळिंबाने एकदा असेच दाखवले होते. डाळिंबाच्या पैशावर मळ्यांत बंगले झाले, आणि बागांवर तेल्या आला तसे नवे बंगले थांबले.

माझ्या हजेरीपटावर मंदी वहीच्या आधी दिसते, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगले. कळवण-सुरगाण्याच्या पाड्यांवरून आलेल्या बिगाऱ्यांची मुले दिवाळीनंतर वर्गात येऊन बसतात. जानेवारीत ती एकेक करून दिसेनाशी झाली की समजायचे, काम नाशिककडे सरकले आहे. अशा वेळी मी घरी येऊन यांना सांगते, “नवीन माल उचलू नका.”

आता मुद्द्याचे. ठेकेदार कामे कमी झाल्यामुळे सहसा बुडत नाही. कामे कमी असली तर खर्चही कमी असतो. तो बुडतो ते दुसऱ्याच कारणाने. चालू असलेल्या घराचा पैसा अडकतो, दुकानदार तगादा लावतो, मग नवीन गिऱ्हाइकाने पायासाठी दिलेली उचल जुन्या घराच्या प्लास्टरला जाते. इकडची टोपी तिकडे. नवीन घरे मिळत राहतात तोवर ही टोपी फिरत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नवे काम थांबले की शेवटच्या गिऱ्हाइकाचे डोके उघडे पडते. ज्याने सर्वांत शेवटी विश्वास ठेवला, त्याचेच घर राहते.

हे आपल्याच गल्लीत घडते असे नाही. चीनमधली एव्हरग्रांड ही अवाढव्य कंपनी न बांधलेल्या घरांचे पैसे आधी घेऊन पुढच्या जमिनी घेत गेली. 2021 मध्ये तिचे कर्ज 300 अब्ज डॉलरच्या वर होते, हप्ते थकले, आणि जानेवारी 2024 मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने तिला गुंडाळण्याचा आदेश दिला. घराचे पैसे भरलेली माणसे अर्ध्या इमारतींकडे बघत राहिली. आपल्या देशात 2016 च्या रेरा कायद्याने यासाठीच अट घातली की गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि त्याच प्रकल्पावर खर्च करायचे. मात्र एखाद्याच्या प्लॉटवर एकटे घर बांधून देणाऱ्या ठेकेदाराला रेरा लागत नाही. म्हणजे तिथे कायदा नाही, फक्त नीयत आहे.

माझे मत असे की नीयतीला वहीचा आधार लागतो. आमच्याकडे प्रत्येक घराची वेगळी वही आहे, आणि त्या घराची उचल आली की ती एका वेगळ्या बचत खात्यात जाते. यांना ते सुरुवातीला अजिबात आवडले नाही. “खिशातला पैसा आणि धंद्यातला पैसा असा वेगळा ठेवून कुठे काम होते का?” असे म्हणायचे. मी म्हटले, तो तुमच्या खिशातला नाहीच. समोरच्याने घरासाठी दिलेला पैसा घर होईपर्यंत अमानत आहे. या शब्दावर ते गप्प झाले. आमच्या घरात काही वाद अर्थशास्त्राने मिटत नाहीत, असल्या एखाद्या शब्दाने मिटतात.

त्या 2024 च्या हिवाळ्यात आमची तीन घरे एकाच वेळी अडकली. एक लिंटेलला, एक जोत्याला, एकाचे प्लास्टर बाकी. लिंटेलवाला गिऱ्हाईक चांगला शेतकरी. घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, “मॅडम, पैसा कुठे पळवून नेला नाही. चाळीत पडून आहे. भाव येऊ द्या.” खोटे बोलत नव्हता. तंगीत असलेल्या देणेकऱ्याला मुदत द्यावी, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण सिमेंटच्या दुकानदारालाही त्याच्या वरच्याला पैसे द्यायचे असतात, आणि मजुराची मजुरी घाम सुकण्याआधी द्यायची असते, हेही आपण तितकेच ऐकले आहे. मुदत द्यायची ती आपल्या खिशातून, मजुराच्या खिशातून देता येत नाही. मग ठरले ते असे: त्याला मुदत दिली, बाकीचा आकडा आणि तारीख वहीत लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, आणि घर सुरक्षित टप्प्यावर आणून काम थांबवले.

हा सुरक्षित टप्पा फार महत्त्वाचा आहे. घर कुठेही थांबवू नये. जोत्यावर थांबवायचे तर आतला भराव घालून, दाबून, वर कोबा करून थांबवावे, म्हणजे पावसाचे पाणी पायात उतरत नाही. भिंती अर्ध्यात सोडू नयेत. लिंटेल किंवा स्लॅब झाल्यावर सोडाव्यात आणि उघड्या भिंतीचा माथा सिमेंट-वाळूने झाकावा. वर आलेल्या सळयांना सिमेंटचे पाणी चोपडावे, नाहीतर गंज धरतो. पुन्हा काम सुरू करताना तारेच्या ब्रशने घासून घ्यावे. उरलेले सिमेंट पुढच्या हंगामासाठी ठेवू नये. तीन महिन्यांत त्याचा जोर उतरतो, दगड झालेली गोणी फोडून वापरण्यापेक्षा ते आधीच दुसऱ्या साइटवर वापरावे. गिऱ्हाईक बायकांनीही हे माहीत करून घ्यावे. काम थांबले म्हणून ठेकेदाराशी भांडण्यात दोन महिने जातात आणि तेवढ्यात सळया लाल होतात.

दुकानदाराचे देणे मात्र उभे होते. एका संध्याकाळी यांनी माझ्या बांगड्यांचा विषय काढला. बँकेचे व्याज घरात आणायचे नाही हा सासऱ्यांपासूनचा नियम आहे. दुसरा रस्ता सेंटरिंगच्या प्लेटा विकण्याचा होता, पण प्लेटा विकणे म्हणजे उद्याचा धंदा विकणे. मी बांगड्या दिल्या. आणि कागद पुढे केला. किती तोळे, त्या दिवशीचा भाव, विकून आलेली रक्कम, परतफेड तोळ्यांत करायची की रुपयांत, दोन साक्षीदार. सासूबाईंना हे फार लागले. “नवरा-बायकोत चिठ्ठ्या कधीपासून व्हायला लागल्या?” मी त्यांना इतकेच म्हटले की अम्मी, कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याची लिखापढी करण्याबद्दल आहे, सूरह बकरातली 282 वी, आणि तिच्यात नवरा-बायकोला सूट दिलेली माझ्या तरी वाचनात नाही. त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी साक्षीदार म्हणून अंगठा त्यांनीच दिला.

भगिनींनो, सोने तुमचे आहे. ते द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. अडचणीत नवऱ्याला हात देणे चांगलेच आहे. पण दिलेले दान आहे की कर्ज, हे देतानाच स्पष्ट असावे. नंतर ते विचारले की भांडण होते.

मजुरांचे काय, हा दुसऱ्या भगिनीचा प्रश्न. तिचा भाऊ म्हणतो, काम नाही तर माणसे कशाला सांभाळू? सगळ्यांना सांभाळता येत नाही हे खरे आहे. पण चांगला गवंडी एकदा नाशिकला गेला की परत येत नाही, आणि पुढच्या हंगामात तुम्ही नवख्याच्या हातात ओळंबा देता. 2008 च्या मंदीत अमेरिकेत हेच झाले. 2005 मध्ये तिथे वर्षाला 20 लाखांहून अधिक घरांची कामे सुरू होत होती, 2009 मध्ये ती साडेपाच लाखांवर आली. कारागीर दुसऱ्या धंद्यांत गेले आणि बाजार सुधारला तेव्हा ठेकेदारांना हात मिळेनात.

आम्ही माणसे कशी टिकवली ते सांगते. मोठी घरे नसली तरी लहान कामे असतात, फक्त ठेकेदाराला ती कमीपणाची वाटतात. गळणारे छत, पावसाआधीचे वॉटरप्रूफिंग, वॉलकंपाउंड, न्हाणीघर, जुन्या घराला एक खोली. शिवाय घरकुले. पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण भागात मैदानी प्रदेशात 1 लाख 20 हजार मिळतात आणि घर किमान 269 चौरस फुटांचे लागते. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यात 20 लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे दिली गेली. घरकुलात नफा नखाएवढा आहे आणि पैसे टप्प्याटप्प्याने लाभार्थ्याच्या खात्यात येतात, त्यामुळे त्याच्याशी आधी टप्पे ठरवून घ्यावे लागतात. पण काम चालू राहते.

आणि एक गंमत पाहा. कांद्याचा भाव पडला की कांदा चाळीला मागणी येते. विकायचा नाही तर ठेवायला जागा हवी ना! 25 टनांपर्यंतच्या चाळीला टनामागे 3500 रुपये असे अनुदान अनेक वर्षे मिळत होते. पाया आणि खांब आमचे, सांगाडा आणि पत्रे फॅब्रिकेशनवाल्यांचे. त्या हिवाळ्यात चार चाळींनी आमच्या दोन गवंड्यांना इथेच धरून ठेवले. रिकाम्या सेंटरिंगच्या प्लेटा यांनी भाड्याने दिल्या. माणसे रोज नाही, पण आठवड्यात चार दिवस कामावर होती, आणि कोणते चार दिवस हे त्यांना आदल्या आठवड्यात सांगितले जायचे, म्हणजे उरलेल्या दिवसांत ती दुसरीकडे जाऊ शकत.

एक काम असे आहे की ज्याला पैसा लागत नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी. वय 18 ते 60, वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. मुलांच्या शिक्षणाला त्यातून मदत मिळते. विटा वाहणाऱ्या बाईलाही नोंदणी करता येते, ही गोष्ट आमच्याच साइटवरच्या बायकांना माहीत नव्हती. शाळेनंतर मी त्यांचे फॉर्म भरून देते. तुमच्या घरात कोणी ठेकेदार असेल तर 90 दिवसांच्या दाखल्यासाठी मजुराला फेऱ्या मारायला लावू नका, एवढे त्याला सांगा. सही करायला काय जाते?

मंदीत भाव पाडून काम घेणारे खूप निघतात. चौरस फुटाला शंभर-दोनशे कमी सांगतात. ते कमी झालेले पैसे कुठून तरी निघतातच: सळईचे अंतर वाढते, मालात वाळू वाढते, स्लॅबला पाणी मारायचे दिवस कमी होतात. एका ओळखीच्या घराने असेच काम दुसऱ्याला दिले. वाईट वाटले. पण यांनी भाव पाडला नाही. त्याऐवजी काम लहान करून दिले. तीन खोल्यांऐवजी आता दोन, तिसरीचा पाया आत्ताच, भिंती पुढच्या कांद्याला. गिऱ्हाइकाला हे पटते, समजावून सांगणारा हवा.

राहिली तिसरी भगिनी, मालेगावची. वडिलांची चार रो-हाउस. तिथे यंत्रमाग मंदावले की घर घेणारा हात आखडतो, हे तिला मी सांगायला नको. तिने लिहिले आहे की अब्बा म्हणतात, भाव येईपर्यंत थांबू. थांबायला हरकत नाही, पण थांबण्याचाही खर्च असतो. म्हणून तिने वडिलांसमोर बसून एक यादी करावी. चारही घरांवर आतापर्यंत झालेला खर्च, त्यातला दुकानदारांचा आणि मजुरांचा बाकी आकडा, आणि दर महिन्याला वाढणारे देणे. बाकी फेडण्यासाठी एक घर खर्चाच्या भावाला गेले तरी जाऊ द्यावे. उरलेल्यांपैकी जी राहण्याजोगी आहेत ती करार करून भाड्याने द्यावीत, रिकाम्या घराला ओल लवकर धरते. ज्यांनी घरासाठी आधी रक्कम दिली आहे त्यांची नावे यादीत सर्वांत वर असावीत. अब्बांना राग येईल. त्यांच्या जेवणानंतर, शांतपणे, आणि भावांना सोबत घेऊन बोलावे. यादी तयार झाली की मला पुन्हा पत्र लिहावे, आकड्यांसकट. मग पुढचे बोलू.